फुंकणाऱ्याचं नाव सांगा

शंकरपटात पहिली आलेली जोडी कुणाची, बैलांची नावं काय, धुरकरी कोण, हे साकोली तालुक्यातलं शाळकरी पोरगंही घडाघडा सांगतं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पट बंद केले, 2021 च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली; मधल्या सात वर्षांत लोक ती नावं विसरले नाहीत. आता दुसरा प्रश्न. तुमच्या लग्नात मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत ट्रम्पेट कुणी फुंकला? नवरदेवाला आठवत नाही. नवरदेवाच्या बापाला आठवत नाही. लग्नाच्या व्हिडिओत तो माणूस गाल फुगवून, घाम गाळत, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत दिसतो आणि घरातल्या एकालाही त्याचं नाव येत नाही.

बैलाचं नाव पाठ, माणसाचं माहीत नाही. ही लाजेची गोष्ट आहे आणि ती मला आज बोलायची आहे.

निमित्त एका वादाचं. पितळी वाद्य वाजवणारा सगळ्यांत भारी कोण, यावर आमच्या बस स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर लग्नसराईपासून जुंपली आहे. एक जण मोबाइलवर लुई आर्मस्ट्राँग लावतो. दुसरा मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन ऐकवतो. तिसरा दोघांनाही उडवून लावतो, "आपल्या इकडच्या बँडवाल्यापुढं हे काहीच नाही जी!" वाद चांगला आहे, व्हायलाच हवा. पण मोजायचं काय, हे आधी ठरवू.

पहिला निकाल: सॅक्सोफोन बाद. त्याचं अंग पितळेचं असलं तरी तोंडाशी वेताची पातळ पट्टी असते आणि आवाज ती पट्टी थरथरून निघतो. अडॉल्फ सॅक्सनं 1846 मध्ये त्याचं पेटंट घेतलं तेव्हापासून तो क्लॅरनेटच्या भावकीतला आहे. मनोहारी सिंग मोठेच. कद्री गोपालनाथ यांनी त्याच सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत बसवलं आणि 2004 मध्ये पद्मश्री मिळवली, तेही मोठेच. पण त्यांचा मुकाबला दुसऱ्या मैदानावर. पितळी वाद्यात ओठच थरथरतात. दुसरं काही थरथरत नाही. या नियमानं आपली तुतारी आत येते, शिंग आत येतं, आणि पितळेचा अंशही नसलेला शंखसुद्धा आत येतो.

बँडवाल्याजवळ उभं राहून नीट बघा. ट्रम्पेटला कळा फक्त तीन. मधली दाबली की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पहिली दाबली की पूर्ण स्वरानं, तिसरी दाबली की दीड स्वरानं. तिन्हींच्या जुळणीतून नळीच्या सात लांब्या मिळतात. कारखान्यानं दिलेलं एवढंच. एकही कळ न दाबता पाच-सहा वेगवेगळे सूर निघतात आणि त्यातला नेमका कोणता काढायचा, हे ओठांच्या स्नायूंनी आणि पोटातल्या वाऱ्यानं ठरवायचं असतं. हार्मोनियमवर पट्टी दाबली की सूर येतोच. ट्रम्पेटवर बोटं बरोबर असूनही सूर चुकतो, कारण ओठ केसभर सैल पडले. 1814 च्या सुमाराला जर्मनीत हाइनरिख श्ट्योल्त्सेलनं कळा बसवल्या. त्याआधी युरोपातले ट्रम्पेटवालेही आपल्या तुतारीवाल्यासारखेच होते: निसर्ग देईल ते सूर घ्यायचे.

म्हणून या स्पर्धेत माप एकच, ओठ. जोर कुणाचा जास्त, हे माप नाही. जोरात फुंकणं दोन महिन्यांत येतं. हळू, पातळ, न थरथरणारा सूर काढायला आयुष्य जातं.

या मापानं जगाकडे बघू. डिझी गिलेस्पी: बोटांचा वेग अफाट. 1953 मध्ये एका पार्टीत कुणीतरी त्याच्या ट्रम्पेटवर पडलं, भोंगा वर वाकला, त्याला तो आवाज आवडला आणि पुढं तो मुद्दाम तसाच ट्रम्पेट बनवून घेऊ लागला. माइल्स डेव्हिस: 1959 चा 'काइंड ऑफ ब्लू' ऐका, कमी सुरांत इतकं सांगणारा दुसरा नाही. डेनिस ब्रेन: फ्रेंच हॉर्नसारखं बिनभरवशाचं वाद्य त्यानं पाळीव केलं आणि 1957 मध्ये 36 व्या वर्षी मोटार अपघातात गेला. विंटन मार्सालिस: 1984 मध्ये एकाच वर्षी जॅझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय, दोन्हीकडचं ग्रॅमी.

मोरिस आंद्रे यांच्यापाशी मी जरा थांबतो. फ्रान्समधल्या कोळसा खाणीच्या मुलखातला, खाणकामगाराचा मुलगा. पोरवयात स्वतःही खाणीत उतरला. पॅरिसच्या संगीतशाळेची फी परवडणारी नव्हती, तेव्हा लष्करी बँडमध्ये भरती झाला, कारण तिथल्या वादकांना शाळेत फुकट प्रवेश होता. 1955 मध्ये जिनिव्हा आणि 1963 मध्ये म्युनिक, दोन्ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यानं जिंकल्या. त्यानंतर ट्रम्पेट हे व्हायोलिनसारखं एकट्यानं मैफल गाजवायचं वाद्य झालं. खाणीतला पोरगा तिथवर गेला तो फुकट शिकायची सोय होती म्हणून. हे वाक्य आपल्या सांस्कृतिक खात्यातल्या लोकांनी दोनदा वाचावं.

आणि तरीही माझं मत लुई आर्मस्ट्राँगला. 1901 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या गरीब काळ्या वस्तीत जन्मलेला हा मुलगा 1912 च्या शेवटच्या रात्री रस्त्यावर पिस्तूल उडवताना पकडला गेला आणि त्याची रवानगी सुधारगृहात झाली. तिथे मुलांचा बँड होता. तिथेच कॉर्नेट त्याच्या हातात पक्का बसला. तो वाढला ते गाव अंत्ययात्रेलाही बँड लावणारं, बँडमागं रस्त्यावर नाचणारं. 28 जून 1928 ला त्यानं 'वेस्ट एंड ब्लूज' ध्वनिमुद्रित केलं. सुरुवातीला बाकीची सगळी वाद्यं गप्प आणि एकटा त्याचा ट्रम्पेट. त्या काही सेकंदांत त्यानं जगाला दाखवलं की ताफ्यातला एक फुंकणारा माणूस एकटा उभा राहून अख्खी गोष्ट सांगू शकतो. नंतर आलेल्या प्रत्येकानं, वेगानं, गोडव्यानं, सफाईनं, त्यानं मोकळ्या केलेल्या जागेतच वाजवलं. ज्यानं जागा केली तो मोठा.

पण हे मला कळलं कसं? त्याच्या 1925 पासूनच्या तबकड्यांवर त्याचं नाव छापलेलं होतं म्हणून. 'लुई आर्मस्ट्राँग आणि त्याचे हॉट फाइव्ह'. फुंकणाऱ्याचं नाव लेबलवर.

आता आपल्याकडची तबकडी हातात घ्या. चित्रपटाचं नाव आहे, गायकाचं आहे, संगीतकाराचं आहे, बहुधा गीतकाराचंही आहे. ट्रम्पेट कुणाचा? कोरं. हिंदी चित्रपटसंगीताचा सोन्याचा काळ म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो, त्यातली पितळी वाद्यं बव्हंशी गोव्याच्या माणसांनी वाजवली. कारण सरळ आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना सुरलिपी वाचायला आणि वाद्य वाजवायला शिकवत. कागदावर लिहिलेलं संगीत बघून वाजवू शकणारी माणसं मुंबईच्या स्टुडिओंना हवी होती आणि ती गोव्यात तयार होत होती. फ्रँक फर्नांड हा ट्रम्पेटवाला कुणाला ठाऊक आहे? संगीत-संयोजनात आयुष्य घालवून वर त्यानं 1963 मध्ये 'आमचें नशीब' आणि 1966 मध्ये 'निर्मोण' हे कोकणी चित्रपट काढले. ख्रिस पेरी ट्रम्पेटही वाजवायचा आणि सॅक्सोफोनही. लोर्नाच्या आवाजातली त्याची कोकणी गाणी गोव्यात आजही घराघरांत आहेत, पण पत्रादेवीचा नाका ओलांडून इकडे आलं की नाव विचारणारा कोणी नाही.

आपल्या बाजूचा माझा उमेदवार आहे आंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916, गाव हळदोणे, बार्देश. मुंबईत तो चिक चॉकलेट या नावानं गाजला आणि लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. ताज हॉटेलात त्याचा ताफा वाजायचा. 1951 चा 'अलबेला' आठवा, भगवानदादांचा. त्या गाण्यांत तुमचे पाय हलवणारं जे पितळ आहे त्यामागं चिक आहे, आणि त्याचा ताफा पडद्यावरही दिसतो. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचं. हे चितळकर गाणं शिकले कुठं? नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे. वसंतराव देशपांडेही तिथलेच विद्यार्थी. म्हणजे नागपूरच्या तालमीतला सूर आणि हळदोण्याचा ट्रम्पेट मुंबईत भेटले आणि आपल्या वरातींना गाणी मिळाली. वैदर्भीयांनी हे अभिमानानं सांगायला हवं. चिक 1967 मध्ये गेला. पन्नाशीची दोन वर्षंही पुरी झाली नव्हती.

आता वरात. टपरीवरच्या तिसऱ्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात दम आहे.

मे महिना, विदर्भ, पारा 45 च्या आसपास. ट्रम्पेटमधली हवा तापली की सूर चढतो, हे भौतिकशास्त्र आहे. पॅरिसचा वादक वातानुकूलित सभागृहात बसून वाजवतो. आपला माणूस डांबरी रस्त्यावर चालत, कधी नवरदेवाच्या घोड्याकडे तोंड करून उलटा चालत, खड्डा चुकवत वाजवतो. बँडच्या गाडीवर कॅसिओ असेल तर त्याचा सूर उन्हानं हलत नाही आणि ट्रम्पेटचा चढतो. मग मधली नळी बोटभर बाहेर ओढून सूर उतरवायचा, रात्री गारवा आला की परत आत ढकलायची. हे कुणी शिकवत नाही. चार लग्नं बेसूर गेली की कान शिकवतो. मध्येच तो ट्रम्पेटच्या पोटाशी असलेली बारीक कळ दाबून फुंकतो आणि रस्त्यावर पाणी सांडतं. लोक म्हणतात थुंकी. ती बहुतेक श्वासातली वाफ असते, पितळेला लागून पाणी झालेली.

आणि 'नागीन'. 1954 च्या त्या चित्रपटातली पुंगी खरी पुंगी नव्हती. कल्याणजींनी ती क्लेव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली. ती धून सापासारखी सरकते, एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाते. ट्रम्पेटच्या तीन कळांवर घसरण नाही, तिथे पायऱ्या आहेत. मग आपला बँडवाला काय करतो? कळ अर्धीच दाबतो. सूर धड हा नाही, धड तो नाही, अशा जागी अडकतो, आणि उरलेली वाट तो ओठ ढिले-घट्ट करून कापतो. तोंडात रुमाल धरून लोळणाऱ्या वऱ्हाड्याला वाटतं ही धून सोपी आहे. मी मोठमोठ्या वादकांची ध्वनिमुद्रणं ऐकली आहेत, आणि पाश्चात्त्य तालमीत अर्धी कळ हा क्वचित वापरायचा अलंकार आहे. आपल्या बँडमध्ये ती रोजची भाकर आहे. लताबाईंची मुरकी ज्यानं पितळेतून काढली, त्याला मी कारागिरीत कुणाच्याही खाली बसवणार नाही.

मग तो मोठा का होत नाही? तीन अडचणी आहेत. तिन्ही माणसांनी निर्माण केलेल्या आहेत, म्हणजे माणसांना सोडवता येतील.

ओठ रोज वाजवल्याशिवाय टिकत नाहीत. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं नाहीत. आपल्या भागातला बँडवाला त्या दिवसांत धानाच्या रोवणीला जातो, चिखलात वाकून उभा असतो. संध्याकाळी घरी ट्रम्पेट काढला तर शेजारी ओरडतात. दिवाळीनंतर पहिल्या लग्नाला त्याचे ओठ पुन्हा कोवळे झालेले असतात. मोरिस आंद्रेला अशी चार महिन्यांची सुट्टी दिली असती तर त्यानंही म्युनिक जिंकलं नसतं.

दुसरी अडचण तोंडाची. आर्मस्ट्राँगचा गुरू जो 'किंग' ऑलिव्हर हा एके काळी कॉर्नेटचा राजा होता. हिरड्या सडल्या, दात गेले, वाजवणं सुटलं. 1938 मध्ये तो सव्हाना शहरात वारला तेव्हा बिलियर्डच्या अड्ड्यावर झाडलोट करत होता. पितळी वाद्यवाल्याचे पुढचे दात हीच त्याची शेती. आणि आपल्याकडे? खर्रा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, कुठंही जा, पन्नीत घोटलेला खर्रा खिशात असतोच. तोंड उघडेनासं होतं, गालाच्या आतली कातडी ताठ होते. शिक्षकाला, शेतकऱ्याला त्यानं जितकं नुकसान होतं त्याच्या कितीतरी पट फुंकणाऱ्याला होतं, कारण त्याचं हत्यारच तोंड आहे. वरातीत मधल्या थांब्याला पाहुणचार म्हणून बँडवाल्याला खर्रा देणाऱ्यांनो, तुम्ही त्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या पोटावर पाय देता. पाणी द्या, गूळ द्या.

तिसरी अडचण जातीची आहे, आणि ती गुळगुळीत शब्दांत सांगून चालणार नाही. गावगाड्यानं दारी वाजवण्याचं काम ठरावीक जातींच्या गळ्यात बांधलं. वाजवा म्हणाल तेव्हा वाजवायचं, उरलंसुरलं घ्यायचं. बाबासाहेबांच्या चळवळीत अनेकांनी ते काम टाकलं. बरोबर टाकलं. या जिल्ह्याला ते वेगळं सांगायला नको. 1954 ची लोकसभेची पोटनिवडणूक बाबासाहेब भंडाऱ्यातूनच लढले होते. ज्यांनी वाद्य खाली ठेवलं त्यांनी अपमान खाली ठेवला. आणि आज जे वाजवतात ते हुन्नर म्हणून, धंदा म्हणून वाजवतात. पण गावाच्या डोळ्यांतली नजर बदललेली नाही. अजून बँडवाल्यांची पंगत सगळ्यांत शेवटी बसते. अजून फुंकणाऱ्याच्या नाकासमोर दहाची नोट नाचवतात आणि ती त्यानं वाजवता वाजवता दातांनी उचलावी अशी अपेक्षा धरतात. हे बंद करा. पैसे हातात द्या, वाजवून झाल्यावर द्या, नाव घेऊन द्या.

सनईसुद्धा दारावरचंच वाद्य होतं. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी ती मैफलीत नेली आणि 2001 मध्ये देशानं त्यांना भारतरत्न दिलं. सनईवाला उस्ताद झाला. ट्रम्पेटवाला बँडवालाच राहिला. पुण्याच्या गणेश विसर्जनाला प्रभात बँड आणि दरबार बँड मानाच्या गणपतींपुढं वाजतात, जबलपूरचा श्याम बँड मध्य भारतात गाजला, पण तिथेही नाव बँडचं. गाडीवर विजेच्या अक्षरांत बँडचं नाव, मालकाचा मोबाइल नंबर. पहिल्या रांगेत उभा राहून गाणं उचलणारा कोण, हे त्या गाडीवर लिहिलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

आणि आपला जिल्हा कोणता? भंडारा. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जाणारा जिल्हा. तांब्याचे साधारण सत्तर भाग आणि जस्ताचे तीस, एवढ्यावर ट्रम्पेटचं पितळ बनतं. पत्रा ठोकून घागर घडवणारे हात इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण बँडची वाद्यं येतात मेरठच्या जली कोठीतून, जिथं नादिर अली कंपनीनं 1885 मध्ये हा धंदा सुरू केला. ट्रम्पेट कुठं दबला, कळ अडकली, की दुरुस्तीला माणूस मिळत नाही. पितळेच्या जिल्ह्यात पितळी वाद्य दुरुस्त होत नाही! औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डिंग शिकवतात, फिटर शिकवतात. चार पोरांना भोंग्याचा पोचा काढायला आणि कळ बसवायला शिकवणं अवघड नाही.

इतक्यात धुमाल आला. नागपूरपासून दुर्ग-रायपूरपर्यंत सगळीकडे तोच. गाडीवर भिंतीएवढे भोंगे, समोर ताशे आणि पॅड, गाणं कॅसिओवर. मला धुमालच्या ताशेवाल्यांबद्दल आदर आहे, त्यांचे हात विलक्षण चालतात. पण त्या आवाजात ट्रम्पेटला जागाच उरली नाही. ज्या बँडमध्ये चार ट्रम्पेट, दोन यूफोनियम असायचे तिथे आता एक ट्रम्पेट, तोही शोभेला. यजमानाला विचारलं तर म्हणतो, आवाज मोठा पाहिजे. आवाज मोठा पाहिजे असेल तर ट्रॅक्टरचा सायलेन्सर काढा, फुकटात होईल. गाणं पाहिजे असेल तर माणूस बोलवा.

आता माझी मागणी.

सर्बियात गुचा नावाचं लहानसं गाव आहे, डोंगरातलं, शेतकऱ्यांचं. 1961 पासून तिथे दरवर्षी ट्रम्पेटची जत्रा भरते. गावोगावचे बँड येतात, परीक्षक बसतात, लोक ऐकतात आणि त्या वर्षीचा सगळ्यांत मोठा ट्रम्पेटवाला कोण, ते जाहीर होतं. बोबान मार्कोविच हे नाव तिथूनच जगभर गेलं. ते बँडही आपल्यासारखेच लग्नात आणि मयतीत वाजवणारे, बरेचसे रोमा समाजाचे, ज्यांना तिकडेही गावाबाहेरचं समजत आले. गुचानं त्यांना एक गोष्ट दिली: वर्षातून एकदा उभं करून नाव विचारलं.

साकोलीला हे जमण्यासारखं आहे. भाऊबीजेनंतर आपल्याकडे मंडई भरते, दंडार होते, नाटकं होतात, पाहुण्यांनी घरं भरतात. झाडीपट्टीच्या रंगभूमीला लोक हसायचे. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा हसणं थांबलं. साकोली राष्ट्रीय महामार्गावर आहे, सौंदडचं स्टेशन जवळ आहे, गोंदिया, वडसा, लाखांदूर, देवरी, सगळीकडून बँड येऊ शकतात. मंडईची एक दुपार पितळेला द्या.

माझ्या मनात तीन फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत एकच सूर, हळू, जितका वेळ धरता येईल तितका, लाउडस्पीकरशिवाय, माइकशिवाय. दुसऱ्या फेरीत 'नागीन'. तिसऱ्या फेरीत ज्याचं त्याचं आवडतं गाणं, भीमगीत असो, लावणी असो की जुनं सिनेमातलं. परीक्षक तीन: कामठीच्या छावणीतल्या लष्करी बँडचा एक वादक, झाडीपट्टीच्या नाटकांना साथ करणारा एक जाणकार, आणि वाजवणं सुटलेला एखादा जुना बँडमास्तर. लष्करी बँडवाला हवाच, कारण त्यांची तालीम पचमढीला पद्धतशीर होते आणि आपल्या पोरांना त्यांच्याशी चार शब्द बोलायला मिळतील. बक्षीस म्हणून ढाल नको. नवा ट्रम्पेट द्या. आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाचे दात त्याच दिवशी, तिथेच, डॉक्टरांकडून फुकट तपासून घ्या.

नाव पुकारणारा चांगला हवा. पटाच्या मैदानावर जोडी सुटण्याआधी माइकवर बैलांची नावं जशी खणखणीत पुकारतात, तशीच वाजवणाऱ्याची पुकारायची: नाव, गाव, वाद्य, किती वर्षांपासून वाजवतो, कुणाकडून शिकला. वाजवून झालं की पुन्हा एकदा. ही सगळी माहिती एका वहीत उतरवून नगर परिषदेत ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी टपरीवर वाद घालणाऱ्यांना लाल टोपीवाला आणि लांब केसांचा अशा खुणा सांगाव्या लागणार नाहीत.

दुसऱ्या फेरीला मी 'नागीन' धरलं आहे. याहून अवघड धून कुणाला सुचत असेल तर पोळ्याच्या आधी कळवा; रोवणी आटोपली की वाजवणाऱ्यांना तालमीला दोनेक महिने तरी मिळाले पाहिजेत.